जुन्या कावासाकी निन्जा २५०आर मोटरसायकलचे दोन कार्ब्युरेटर सिंक करायला (म्हणजे दोन्ही सिलिंडर सारखीच हवा ओढतील असे जुळवायला) घरी डिजिटल गेज बनवता येईल का?

येईल, आणि फार अवघडही नाही. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), छोटा डिस्प्ले आणि एमपीएक्स४११५ जातीचे दोन प्रेशर सेन्सर घ्या आणि एकेक सेन्सर नळीने एकेका सिलिंडरच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडा. हा सेन्सर ५ व्होल्टवर दर किलोपास्कलला साधारण ४५ मिलिव्होल्ट देतो. नॅनोला मोजता येणारी सर्वात छोटी पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.१ किलोपास्कलचा फरकही दिसतो. एवढं पुरेसं आहे.

खरी डोकेदुखी आकडे नाचण्याची. १२०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला १० वेळा हवा ओढतो, त्यामुळे एकेक रीडिंग बघून काहीच कळत नाही. दोन्ही बाजूंची अर्ध्या सेकंदाची सरासरी काढा आणि स्क्रीनवर फक्त फरक दाखवा. हवा ओढताना तयार होणारी व्हॅक्यूम नेमकी किती, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. दोन्ही नळ्या मात्र सारख्याच लांबीच्या ठेवा.

सेन्सर जुळतात का हे आधी तपासा: टी-जॉइंट लावून दोन्ही एकाच सिलिंडरला जोडा, आयडलला आणि थोड्या थ्रॉटलवर जो फरक येईल तो कोडमध्ये वजा करा. इंजिन बंद ठेवून शून्य जुळवणारे इथेच फसतात, कारण तेव्हा फक्त वातावरणाचा दाब तपासला जातो.

सिंक करण्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरलेली बारीक फट) बघून घ्या. गाडी उघड्यावर उभी करून, समोर पंखा लावून इंजिन चालू ठेवा. आणि हो, टू-स्ट्रोक इंजिनच्या आरडी ३५०वाल्यांनी या भानगडीत पडू नये. टू-स्ट्रोकच्या कार्ब्युरेटरमधल्या स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारे सरकते भाग) डोळ्यांनी आणि बोटांनीच जुळवलेल्या बऱ्या.