फूल अंड्यावर बसेना : ईस्टरच्या तोंडावर आलेले प्रश्न

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. आपल्याकडे तेव्हा पळस झडत आलेला असतो, कडुलिंब मोहरलेला असतो आणि घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरत असतात. दाबून वाळवलेली फुलं अंड्यावर चिकटवायची ही कला थंड मुलखातली. तिकडची कृती इथल्या उन्हात जशीच्या तशी केली की फसते. यावेळचे बहुतेक प्रश्न त्या फसगतीचेच आहेत.

झेंडू आणि संत्र्याची फुलं वहीत दाबली. आठ दिवसांनी झेंडू काळा पडला, संत्र्याचं फूल तपकिरी झालं. काय चुकलं? (वरुड)

ताई, फूल निवडायला चुकलात. झेंडूचा गोंडा जाड असतो. त्याच्या पोटात ओल राहते आणि ते आतून कुजतं. पाकळ्या सुट्या करून दाबल्या तर चांगल्या वाळतात. संत्र्याची पाकळी मांसल आणि मेणचट, ती पांढरी राहणं कठीणच. संत्र्याचा हा आंबिया बहार झाडावरच पाहावा.

अंड्याला मुळातच कागदासारखं पातळ फूल लागतं. बोगनवेल त्यात पहिली. कोथिंबीर फुलावर आली की तिची पांढरी छत्री अख्खी दाबा, जाळीसारखी दिसते. कडुलिंबाची फुलं, शेवग्याची आणि चिंचेची बारीक पानं, करडईच्या केशरी पाकळ्या, हे सगळं बांधाबांधावर फुकट मिळतं. माझं लाडकं मात्र जवसाचं निळं फूल. ते सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळतं, म्हणून हिवाळ्यातच दिवस वर यायच्या आत तोडून दाबून ठेवावं लागतं. यंदा राहिलं असेल तर पुढच्या पेरणीला आठवण ठेवा.

दाबायला वर्तमानपत्राचा साधा कागद घ्या. मासिकाचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. वर पाटा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कागद बदला. आपल्या कोरड्या हवेत पातळ फूल तीन-चार दिवसांत तयार होतं. पण दाबलेली फुलं कूलरच्या खोलीत ठेवू नका. मी एकदा अख्खी वही कूलरसमोरच्या टेबलावर विसरले होते. चार दिवसांनी उघडली तर पानापानावर बुरशी.

एक ताकीद. पोरं रस्त्याकडेचं गाजर गवत तोडून आणतात, त्याची फुलं बारीक आणि नाजूक दिसतात म्हणून. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ येतो. घरात आणूच देऊ नका.

पाकळी चिकटते, पण वाळली की कडा उचलतात. फेविकॉल लावूनही तेच. (हिंगणघाट)

याची कारणं तीन, आणि तुमच्याकडे बहुधा तिन्ही असावीत.

पहिलं म्हणजे बोटांचं तेल. अंडं साबणाच्या पाण्याने धुऊन, लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापडाने एकदा पुसा. फार घासू नका, आंबट पदार्थ कवच खातो. त्यानंतर अंडं फक्त टोकांना धरा.

दुसरं, पाकळी गरजेपेक्षा जास्त वाळलेली. आपल्या उन्हात ती पापडासारखी होते आणि अंड्याच्या गोलाईवर वळायला सांगितलं की मोडते. चिकटवण्याआधी अर्धा तास ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यात ठेवा. ती नरम येते. फुलाची मधली गाठ ब्लेडने मागून तासून टाका. ती राहिली तर कडा उचलणारच.

तिसरं कारण वेळेचं. दुपारी काम करता ना? पाकळी बसायच्या आत गोंद सुकतो. सकाळी सातच्या आत बसा आणि पंखा बंद ठेवा.

खायच्या अंड्याला फेविकॉल नको, अंड्याचा पांढरा बलकच लावा. चमचाभर पाण्यात फेटून मऊ ब्रशने आधी कवचावर लावा, पाकळी ठेवा, ओल्या ब्रशने मधून कडेकडे दाबा आणि वरून पुन्हा एक पातळ हात द्या. पोकळ अंड्यावर पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल चालतो, वाळला की दिसत नाही.

सजवलेली उकडलेली अंडी दोन दिवस दिवाणखान्यात मांडून मग खाल्ली तर चालतील का? (ब्रह्मपुरी)

नाही. उकडलेलं अंडं फ्रिजबाहेर फार तर दोन तास, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या एप्रिलात तो एकच तास समजा. फ्रिजमध्ये कवचासकट आठवडाभर टिकतं, पण वीज दिवसदिवस जात असेल तर तेवढाही भरवसा धरू नका. खायच्या अंड्यावर सदाफुली, कण्हेर, घाणेरी, रुई यांतलं काहीही लावायचं नाही, ती विषारी आहेत. कोथिंबीर, मेथी, शेवगा लावा.

मांडून ठेवायची तर पोकळ अंडी करा. धुतलेल्या अंड्याला दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडा, रुंद टोकाचं जरा मोठं. तारेने आतला बलक मोडा आणि सुई काढलेल्या सिरिंजने हवा भरून तो बाहेर ढकला. कच्च्या अंड्याला तोंड लावू नका. साबणाच्या पाण्याने आतून खळखळून धुवा आणि भोक खाली करून निथळत ठेवा. निघालेल्या बलकाचं त्याच सकाळी ऑम्लेट, चांगलं भाजून.

आमच्याकडे फक्त गावरान अंडी. ती तांबूस असतात, त्यावर फुलं खुलत नाहीत. (धारणी)

मग फूल चिकटवूच नका, पानाचा ठसा उमटवा. कच्च्या अंड्यावर कोथिंबिरीचं किंवा चिंचेचं ओलं, ताजं पान चापून बसवा. जुन्या पातळ ओढणीच्या तुकड्यात अंडं करकचून गुंडाळून दोऱ्याने बांधा. दहा-बारा कांद्यांची वाळकी सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा, त्यात दोन चमचे व्हिनेगर घाला आणि त्या पाण्यात अंडी पंधरा मिनिटं उकडा. कवच विटकरी होतं आणि पानाखालची जागा तांबूसच राहते. फडकं जिथे ढिलं, तिथे ठसा फिसकटला म्हणून समजा. वरून तेलाचं बोट फिरवा.

पळसाच्या फुलांचं पाणी वापरता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. येईल. होळीसाठी करतो तसंच उकळा. चिमूटभर खायच्या चुन्याने ते गडद केशरी होतं, पण मग त्यात व्हिनेगर नको. आधी एकाच अंड्यावर करून पाहा.

ईस्टर आणि अंडं, संबंध काय? (पुसद)

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मध्ययुगीन युरोपात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या मात्र उपवास धरत नव्हत्या. साठलेली अंडी सणाला बाहेर निघत. शिवाय बंद कवचातून पिल्लू बाहेर येणं म्हणजे येशूचं कबरीतून उठणं, मागे उरलेली रिकामी कबर, हा अर्थ त्याला जोडला गेला.

शेजारच्या मुलीकडे ईस्टर असतो, माझ्या लेकीलाही तिच्यासोबत हे करायचंय. पण सासूबाई माळकरी, घरात अंडं चालत नाही. (दर्यापूर)

सासूबाईंना पटवायला मी येणार नाही, त्यांचं बरोबर आहे. मातीची अंडी करा. गणपतीची शाडू उरली असेल तर उत्तम, नाहीतर कुंभाराकडून मूठभर चिकणमाती आणा. सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. वर चुना फासू नका, चुन्याने पाकळ्यांचा रंग पालटतो. शाळेच्या खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून दोन हात द्या आणि फुलं मैद्याच्या खळीने लावा. वळताना माती लाडवासारखी गोल होते, तेव्हा एक टोक जरा निमुळतं ठेवायला लेकीला सांगा.