उचल, पाळी आणि परदेशी गिऱ्हाईक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने कामगारांना दिलेल्या उचलीचा हिशेब मागितला आहे. उचल देणे गुन्हा आहे का? (एक उद्योजक, सोलापूर)

उत्तर : उचल देणे गुन्हा नाही. ती फिटेपर्यंत कामगाराला अडवून ठेवणे हा गुन्हा आहे. 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्यात तो बसतो. गिऱ्हाईक आत्ता विचारते, कारण युरोपीय संघाचा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा कायदा 14 डिसेंबर 2027 पासून लागू होतो. अशा मजुरीचा माल मग तिथे विकता येणार नाही, आणि कारखाना छोटा म्हणून सूट नाही. अमेरिकेत तर 1930 च्या कायद्यानेच असा माल बंदरात अडवता येतो.

प्रत्येक उचलीची चिठ्ठी दोन प्रतींत करा, कामगाराला वाचता येईल त्या भाषेत : मराठी, तेलुगू किंवा कन्नड. 30,000 ची उचल असेल तर 1,500 चा हप्ता, 20 महिने, बिनव्याजी. दर महिन्याची शिल्लक पगारपत्रकावर. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. कामगार मध्येच निघाला तर शेवटचा पगार किंवा आधार कार्ड रोखू नका. नव्या मालकाने जुनी उचल भरून कामगार ‘सोडवून’ नेण्याची रीत यंत्रमागांवर जुनी आहे, पण गिऱ्हाइकाच्या तपासणीत तीच सर्वांत वाईट दिसते, आणि दिसायलाच हवी : माणूस कर्जासोबत हातोहात जातो.

शिलाई बाहेर देत असाल तर तिथल्याही चिठ्ठ्या मागा. कामाच्या तासांकडेही पाहा : 12 तासांच्या पाळीने सहा दिवसांच्या आठवड्याला 72 तास होतात; बहुतेक गिऱ्हाइकांची मर्यादा ओव्हरटाइम धरून 60 आहे.

प्रश्न : तपासणीला माणसे आली की ‘उचल नाही’ म्हणा, असे मुकादम सांगतो. खरे बोललो तर ऑर्डर जाईल? (एक यंत्रमाग कामगार)

उत्तर : खरेच सांगा. मुलाखत मालक-मुकादमाशिवाय घ्यायची असते. कोणी जवळ थांबला तर तसे बोलून दाखवा. बँकेत जमा झालेला पगार आणि पगारपत्रक जुळले नाही की उचल तशीही उघडी पडते. नोंदलेल्या दोषाला सहसा सुधारायला मुदत मिळते, खरी आणि दाखवायची अशा दोन वह्या सापडल्या तर मात्र विश्वासच उडतो. चिठ्ठी, पासबुक यांचे फोटो जवळ ठेवा. काम सोडू देत नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या.