जीएलसी 220डी : काही महिने वापरल्यानंतरचं मत, आणि डिझेल कुणी घ्यावी याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहायला बाणेर, ऑफिस हिंजवडी, महिना-दीड महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन गुहागरला गावी. ऑन-रोड बजेट 90 लाखांच्या आसपास, मन मर्सिडीज जीएलसीच्या डिझेलवर बसलंय, आणि कुणी वापरली असेल तर त्याने मनापासून सांगावं.

माझ्याकडे हीच 220डी मे महिन्यापासून आहे. पावसाळा पूर्ण बघून झाला, दिवाळीत गाडी भरून कोकणही झालं. त्यामुळे आधी निकाल सांगतो, मग कारणं. गाडी जरूर घ्या. पण तुमचा वापर जसा लिहिलाय तसाच राहणार असेल, तर डिझेल घेऊ नका, जीएलसीचीच पेट्रोलवरची 300 घ्या.

मी डिझेल घेतली कारण माझा कारखाना सांगलीला आहे. आठवड्यातून एकदा तरी पुणे ते पेठ नाका आणि पुढे सांगली हे होतंच. अशा सलग धावण्यासाठीच हे इंजिन केलेलं आहे. आकडे तुम्ही वाचलेच असतील : 1993 सीसी, 197 हॉर्सपॉवर, 440 एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, आणि 9 गिअर. हा टॉर्क 1,800 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण हाताशी येतो, त्यामुळे खंबाटकीच्या चढाला चार माणसं आणि सामान असूनही पाय खाली दाबावा लागत नाही. ट्रकच्या मागून बाहेर काढायची तर गाडी एक गिअर खाली घेते आणि निघते, आरडाओरडा नाही. 100 च्या वेगाला इंजिन दीड हजार आरपीएमच्याही खालीच फिरत असतं. सोबतीला 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी विजेची मोटर आहे. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चक्क बंद होऊन गाडी नुसती घरंगळत राहते, आणि परत सुरू झालेलं आरपीएमचा काटा बघितल्याशिवाय कळत नाही. कंपनीचा दावा लिटरला 19 किलोमीटरच्या वरचा आहे. मला हायवेला सोळा-सतरा आणि पुण्यात अकरा-बारा ॲव्हरेज मिळतं. दोन टनांच्या, चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीला हे उत्तम आहे.

आता शहरातला वापर, ज्यावर तुमचा निर्णय अवलंबून आहे. बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमांत बसणाऱ्या कोणत्याही डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. इंजिनाची काजळी तिच्यात अडकते. ती साचली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून गाळणीचं तापमान 600 अंशांच्या घरात नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात, आणि त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. सांगलीच्या वाटेवर हे कधी होऊन जातं ते मला समजतही नाही.

बाणेर ते हिंजवडी म्हणजे जेमतेम आठ-दहा किलोमीटर, आणि तेही सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन पुरतं तापायच्या आत तुम्ही पार्किंगमध्ये. जळायची प्रक्रिया सुरू होणार आणि तुम्ही चावी बंद करणार, दुसऱ्या दिवशी परत तेच. असं अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि गाळणी काही साफ होत नाही. हा कोणत्या एका कंपनीचा दोष नाही. पाच-सहा वर्षांत आलेल्या प्रत्येक डिझेल एसयूव्हीला हे लागू आहे, मग ती 15 लाखांची असो की दीड कोटीची. महिन्यातून एकदा गुहागरला गेल्याने त्याची भरपाई होईल असं धरून चालू नका. मधले चार आठवडे गाडी रोजच अर्धवट तापलेली राहणार आहे.

तरीही डिझेलच घ्यायची ठरली, तर रीजनरेशन ओळखायला शिका. सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर राहतो, सिग्नलला बंद होणारं इंजिन बंद व्हायचं थांबतं, ॲव्हरेज अचानक घसरतं, आणि गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो. कधी कधी तापलेल्या धातूचा वास येतो. अशा वेळी घरी वळायच्या ऐवजी गाडी बायपासला घ्या, वाकडपासून कात्रजकडे एक चक्कर मारून या, काम होतं. माझी बायको शहरात गाडी चालवते, तिला मी पहिल्याच आठवड्यात ही लक्षणं गाडीत बसवून दाखवली. घरात दोघं चालवणारे असाल तर दोघांनाही माहीत हवं.

ॲडब्लूचंही तसंच. हे युरियाचं पाणी, 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी. पंपावर डीईएफ म्हणून मागा. संपत आलं की गाडी खूप आधीपासून सूचना देते, पण पार संपू दिलं तर बंद केलेली गाडी परत सुरू होत नाही, कायद्यानेच तशी योजना आहे. सीलबंद कॅन घ्या, त्यावरची तारीख बघा आणि तो उन्हात ठेवू नका.

इतकं सांगूनही मी गाडीवर खूश का आहे, तर आईमुळे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. आधीच्या सेडानमध्ये ती बसताना अक्षरशः पडायची आणि उतरताना कुणीतरी हात धरायला लागायचा. भावाकडे लॅडर-फ्रेमची, म्हणजे ट्रकसारख्या सांगाड्यावर बांधलेली उंच एसयूव्ही आहे, तिच्यात चढायला पायरी आणि वरचं हँडल दोन्ही लागतं. जीएलसीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. आई आधी पाठमोरी टेकते, मग दोन्ही पाय आत घेते, कुणाची मदत नाही. पुणे ते सांगली तिला वाटेत एकदाच उतरावं लागतं, आणि तेही चहासाठी. व्हीलबेस 2888 मिलिमीटर असल्याने मागे पायाला जागा भरपूर आहे. फक्त पाचवा माणूस मागे मध्ये बसवणार असाल तर त्याच्या पायांमध्ये बोगदा येतो, कारण मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा त्याखालून जातो. लहान मूल ठीक, मोठ्या माणसाला लांबच्या प्रवासात त्रास होईल. डिकी 620 लिटरची आहे. आंब्याच्या पेट्या, गॅसची शेगडी, दोन मोठ्या बॅगा, सगळं एकदम गेलंय.

रस्त्यावर गाडी कशी चालते हे एका वाक्यात सांगता येत नाही. या गाडीला एअर सस्पेन्शन नाही, साध्या स्प्रिंगा आहेत. सोसायटीच्या गेटसमोरचे पेव्हर ब्लॉक, खोदून बुजवलेले चर यांवरून पंधरा-वीसच्या वेगाने जाताना ती थोडी कडक वाटते. साठच्या पुढे गेली की तोच कडकपणा गुण होतो. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी रस्ता वळवलाय, तिथे डांबर आणि काँक्रीटच्या सांध्यांवरून गाडी एकदाच बसते आणि स्थिर होते, मागे बसलेल्याला डुलका लागलेला असेल तर मोडत नाही. कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुकं एकत्र असताना वळणावर तिने चाकांखालचा रस्ता कधी सोडला नाही. ती खात्री मला फार मोलाची वाटते. आई-वडील मागे बसलेले असताना पावसाळी घाटात हात घट्ट न आवळता चालवता येणं, यासाठी मी पैसे मोजले.

टायरकडे मात्र लक्ष द्या. साइझ 235/55 आर 19. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे 129 मिलिमीटर रबर आहे. हे ठीकठाक आहे, आपल्या खड्ड्यांना पुरतं, पण दिसायला छान म्हणून कुणी 20 इंची अलॉय बसवायला सांगितले तर मोहात पडू नका. रबराची उंची कमी झाली की पाण्याखाली लपलेल्या एका खड्ड्यात टायरला फुगा येतो, आणि बाजूला आलेला फुगा दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. हवा किती भरायची ते डिझेलच्या झाकणाच्या आतल्या तक्त्यावर आहे, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगवेगळे. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याला तक्ता दाखवा. टायर बदलताना बाजूला ‘एमओ’ अशी खूण असलेलाच बघा, तो मर्सिडीजसाठी बनवलेला असतो. फोर व्हील ड्राइव्ह असल्याने एकच नवा आणि तीन झिजलेले अशी जोडणीही टाळा.

गुहागरकडच्या रस्त्यांसाठी एक गोष्ट लक्षात घ्या. आरसे सोडून गाडी 1890 मिलिमीटर रुंद आहे. वाडीकडे जाणाऱ्या जांभ्याच्या गडग्यांमधल्या वाटेत समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा. तिथे 360 अंशांचा कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो. बोनेटखालची जमीन पडद्यावर दाखवायची सोयही आहे. पुढच्या कॅमेऱ्याने क्षणभर आधी टिपलेलं चित्र तो जोडून दाखवतो, त्यामुळे चाक गटाराच्या कडेपासून किती लांब आहे ते बसल्या जागी समजतं.

आणि बुकिंगची रक्कम देण्याआधी तुमच्या सोसायटीचं पार्किंग तपासा. बाणेरला बऱ्याच ठिकाणी स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय आहे. त्याच्या खांबावर वजनाची आणि रुंदीची मर्यादा लिहिलेली पाटी असते. ही गाडी जवळजवळ दोन टनांची आहे. पाटीवर 2000 किलो असेल तर सेक्रेटरींशी आधी बोला आणि खालची जागा मागून घ्या.

पैशांचा भाग. 2023 मध्ये ही पिढी आली तेव्हा 220डी 74.5 लाख आणि 300 साडेत्र्याहत्तर लाख एक्स-शोरूम होती. त्यानंतर किमती वर-खाली झाल्या आहेत, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्के होता तो सरळ 40 टक्के झाला, त्यामुळे ताजा कोट घ्या. पण आपल्या आरटीओचा हिशेब बघा : 20 लाखांच्या वरच्या गाडीला महाराष्ट्रात डिझेलला 15 टक्के आणि पेट्रोलला 13 टक्के रोड टॅक्स आहे. 2023 च्याच किमती धरल्या तर डिझेलला 11 लाख 17 हजार, पेट्रोलला 9 लाख 55 हजार. म्हणजे डिझेल निवडल्याबद्दल दीड लाखाच्या वर पहिल्याच दिवशी गेले. तुमच्या वापरात ते ॲव्हरेजमधून वसूल व्हायला कित्येक वर्षं जातील. कंपनीच्या नावावर घेणार असाल तर आधी सीएला विचारा, तिथे रोड टॅक्स 20 टक्क्यांचा आहे. बिलात 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर लागतो, तो मात्र आयकर विवरणपत्र भरताना तुमच्या खात्यात जमा धरता येतो. अनेकांना हे सांगितलंच जात नाही आणि ते खर्च म्हणून सोडून देतात.

इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. दोन-तीन ठिकाणचे कोट एकाच आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत) मागवा, नाहीतर तुलना फसवी होते. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) आणि इंजिन प्रोटेक्ट हे तिन्ही घ्या. पुण्यात दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या अंडरपासमध्ये पाणी भरतं आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करून बिघडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. टायरचं कव्हरही वेगळं मिळतं, तेही विचारा. वॉरंटी 3 वर्षांची आहे, किलोमीटरची मर्यादा नाही.

आतल्या पडद्यांबद्दल तुम्ही विचारलंत. मध्ये 11.9 इंची उभा पडदा आहे आणि एसीही त्याच्यातच. आजकालच्या बहुतेक महागड्या गाड्यांनी बटणं काढून टाकली आहेत, मला बटणं आवडतात. तापमानाची पट्टी पडद्याच्या तळाशी कायम दिसत असते, त्यामुळे चार दिवसांत सवय होते. वडिलांना फोन जोडायला त्रास होणार नाही.

पेट्रोलची 300 मी टेस्ट ड्राइव्हला चालवली आहे. 258 हॉर्सपॉवर आणि 400 एनएम, सिग्नलच्या वाहतुकीत ती डिझेलहून शांत आणि चपळ आहे. तुमच्या रोजच्या हिंजवडीला हेच हवं. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर देतात. तुम्ही संध्याकाळी सहाची वेळ मागा, आई-वडिलांना मागे बसवा आणि गाडी भूमकर चौकातून घेऊन या. त्यांनाही बोलू द्या.

दोन-तीन वर्षं जुनी घ्यायचा विचारही तुम्ही लिहिलाय. तो चुकीचा नाही, या वर्गात पहिल्या तीन वर्षांत किंमत बरीच उतरते. पण जुनी डिझेल बघणार असाल तर सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा पूर्ण इतिहास काढून घ्या, डीपीएफवर किंवा वेळेआधी ऑइल बदलण्यावर खर्च झालाय का ते बघा, आणि गाडीचं रोजचं धावणं किती होतं ते मालकाला थेट विचारा. टायरच्या बाजूला शेवटचे 4 आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, 3523 म्हणजे 2023 चा पस्तिसावा आठवडा. चारही टायरांवरचे आकडे वेगवेगळे असतील तर का, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगची पाटी काय म्हणते ते कळवा, मग 300 च्या कोटमधलं काय कमी करून घ्यायचं ते बोलू.