दुसरा प्रोसेसर घेतला, पण त्याच्यावरचा कोड वेगळा निघाला

प्रश्न: आमच्या सीए ऑफिसात (गिरगाव) दोन सॉकेटवाला (म्हणजे दोन प्रोसेसर बसवायची जागा असलेला) जुना सर्व्हर आहे, आत इंटेलचा झिऑन ई५-२६७० प्रोसेसर एकच, दुसरं सॉकेट रिकामं. संध्याकाळी सगळे टॅली उघडून बसले की मशीन नुसतं रांगतं, म्हणून सरांनी दुसरा प्रोसेसर टाकायला सांगितलाय. लॅमिंग्टन रोडला एकाकडे ई५-२६७०च मिळतोय, पण आमच्यावर एसआर०एच८ हा कोड कोरलाय आणि त्याच्यावर एसआर०केएक्स. दुकानदार म्हणतो "सेम टू सेम, बिनधास्त लावा", आमचा मेंटेनन्सवाला म्हणतो बोर्ड जळेल. कोणाचं ऐकू?

उत्तर: बोर्डबिर्ड काही जळत नाही, ते आधी डोक्यातून काढा. पण "सेम टू सेम"ही नाहीये. एसआर०एच८ म्हणजे सी१ स्टेपिंग (एकाच मॉडेलची सुधारत गेलेली आवृत्ती) आणि एसआर०केएक्स म्हणजे सी२, मॉडेल तेच, ८ कोअर, २.६ गिगाहर्ट्झ, २० एमबी कॅश, फक्त इंटेलने नंतर काही चुका दुरुस्त करून काढलेला माल. लिनक्स असेल तर एलएससीपीयू ही कमांड मारा, स्टेपिंगच्या पुढे तुमच्याला ६ दिसेल, त्याच्याला ७ दिसेल. त्या काळच्या इंटेलच्या स्वतःच्या सर्व्हर बोर्डांना एका पायरीचा फरक चालायचा, तुमचा फरक तेवढाच आहे. तुमचा बोर्ड दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याचं मॅन्युअल एकदा उघडाच.

गोची होते ती बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरची. प्रत्येक स्टेपिंगचा मायक्रोकोड (बायोस प्रोसेसरमध्ये भरतं त्या आतल्या सूचना) वेगळा असतो आणि बायोस फार जुनं असेल तर त्यात सी२चा नसू शकतो, मग दुसरा प्रोसेसर लावल्यावर एरर येते आणि सगळे दुकानदाराला शिव्या घालतात. म्हणून आत्ता एकच प्रोसेसर नीट चालतोय तोवरच बायोस अपडेट करून घ्या. जुना सी१ पहिल्या सॉकेटमध्येच राहू दे, कमी स्टेपिंगवाला पुढे ठेवायची जुनी पद्धत आहे, आणि तसाही तो काढायची गरज काय.

खरा घोळ होतो "व्ही२"मुळे. ई५-२६७० व्ही२ नावाचा वेगळाच प्रोसेसर आहे, २०१३चा, १० कोअरचा, आणि तो त्याच सॉकेटमध्ये आरामात बसतो, पण तुमच्या जुन्याशी जोडी लावली तर मशीन चालू होणार नाही. दुकानात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसायला लावा आणि अक्षरं स्वतः वाचा. "इंटेल कॉन्फिडेन्शियल" लिहिलं असेल तर तो टेस्टिंगचा सॅम्पल पीस आहे, कितीही स्वस्त दिला तरी हात लावू नका.

आणि रॅम! हे कोणी सांगतच नाही. दुसऱ्या प्रोसेसरचे रॅम स्लॉट वेगळे, त्याच्या बाजूला एकही स्टिक नसेल तर त्याला प्रत्येक गोष्टीसाठी पहिल्याच्या दारात जावं लागतं. एका प्रोसेसरला रॅमचे ४ चॅनल (रॅमकडे जायच्या वाटा), म्हणजे पूर्ण वेग हवा तर ४ स्टिक, त्यासुद्धा तुमच्या आहेत तशाच, बहुतेक रजिस्टर्ड (सर्व्हरच्या प्रकारच्या) डीडीआर३. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) लागेल, काही मॉडेलमध्ये जादा पंखाही. प्रोसेसर ११५ वॉटचा आहे, तेव्हा पॉवर सप्लायचा आकडा बघून घ्या.

बसवताना जपून, कारण पिना प्रोसेसरला नाहीत, सॉकेटला आहेत. माझ्या हातून एकदा रिकाम्या सॉकेटवर स्क्रूड्रायव्हर निसटला, केसाएवढ्या दोन पिना वाकल्या, सुईने सरळ करत रात्रीचे दोन वाजवले तरी त्या बाजूचे दोन रॅम स्लॉट गेले ते गेलेच.

पण खरं सांगू का, मला वाटतं तुम्हाला प्रोसेसर नकोच आहे. उद्या संध्याकाळी मशीन रांगायला लागलं की सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा, त्यात डिस्क दिसत नसेल तर रिसोर्स मॉनिटर. सीपीयू वीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरवर असेल तर ८ कोअर काय, ८० टाकलेत तरी टॅली तसंच चालेल, कारण बिचारी हार्ड डिस्क दमलीय, तेव्हा त्या पैशात चांगली एसएसडी घ्या. सीपीयूच शंभरवर दिसला तर मग खुशाल लॅमिंग्टन रोडला जा, आणि हीटसिंक त्याच दुकानदाराकडून त्याच भावात घासाघीस करून काढा, नंतर नुसता हीटसिंक मागायला गेलात तर तो प्रोसेसरपेक्षा महाग सांगेल.