'रन आऊट', 'टेक ऑफ', 'टेक आऊट': स्पॅनिशमध्ये नेमकं क्रियापद कसं निवडायचं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. 'ही रॅन आऊट ऑफ द हाऊस'चं 'कोर्रिओ फुएरा दे ला कासा' हे भाषांतर चूक का ठरलं, आणि 'टेक ऑफ', 'टेक आऊट', 'टेक अवे' यांना वेगवेगळे शब्द का लागतात. (उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत.)

तुमचं वाक्य स्पॅनिश माणसाला कळतं, पण भलतंच कळतं: तो घराबाहेर, म्हणजे अंगणात किंवा रस्त्यावर, पळाला. घरातून बाहेर पडणं त्यात येतच नाही. हवं ते वाक्य 'सालिओ कोर्रिएन्दो दे ला कासा'. 'सालिर' म्हणजे बाहेर पडणं, ते मुख्य क्रियापद. पळणं त्याच्या मागे जोडायचं. इंग्रजी हालचालीची तऱ्हा क्रियापदात ठेवते आणि दिशा मागच्या 'आऊट', 'इन', 'अप'वर सोपवते. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच असते. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली भाषांची ही विभागणी सविस्तर मांडली. गुहेत तरंगत जाणाऱ्या बाटलीचं त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: इंग्रजी बाटली गुहेत 'फ्लोट' होते, स्पॅनिश बाटली 'एन्त्रो फ्लोतान्दो'.

आता हेच मराठीत सांगून बघा: बाटली तरंगत गुहेत शिरली. शब्दांचा क्रम सोडला तर घडण स्पॅनिशचीच! शिरणं 'एन्त्रार', निघणं 'सालिर', चढणं 'सुबिर', उतरणं 'बाखार', ओलांडणं 'क्रूसार', परतणं 'बोल्बेर'. म्हणून माझा आग्रह असा, की हालचालीचं इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि त्यातलं शेवटचं क्रियापद उचला. 'स्विम अक्रॉस'चं 'पोहत नदी ओलांडली' झालं की 'क्रूसो एल रिओ आ नादो' आपोआप सुचतं.

उंबरठा ओलांडला जात नसेल तेव्हा मात्र 'कोर्रेर' (पळणं) मुख्य क्रियापद म्हणून बिनधास्त चालतं. 'कोर्रिओ आस्ता ला एस्किना', कोपऱ्यापर्यंत पळाला, हे निर्दोष आहे. आत, बाहेर किंवा पलीकडे जाणं आलं, की नियम लागू होतो.

नियम कळल्यावर पुढची चूक होते ती भाषांतर लांबण्याची. प्रत्येक वाक्यात '-आन्दो', '-इएन्दो' (आपल्या 'पळत', 'तरंगत'मधलं '-त') आलं की मजकूर जड होतो. 'शी वॉक्ड इन'ला नुसतं 'एन्त्रो' पुरतं, कारण माणसं चालतच आत येतात. लंगडत किंवा रांगत येणं असेल तर मात्र ते गाळू नका. त्यासाठी स्पॅनिशमध्ये छोटे, फार सुंदर जोड आहेत: 'आ गातास' (रांगत), 'दे पुन्तियास' (चवड्यांवर), 'आ रास्त्रास' (फरफटत), 'आ एम्पुखोनेस' (ढकलत). 'दे उन...', 'दे उना...' हा साचा तर आपल्या 'मारून', 'देऊन'चा सख्खा भाऊ आहे. लाथ मारून दार उघडलं: 'आब्रिओ ला पुएर्ता दे उना पातादा'. फुंकर मारून मेणबत्ती विझवली: 'आपागो ला बेला दे उन सोप्लो'. इंग्रजीत 'किक' आणि 'ब्लो' ही क्रियापदं असतात, इथे 'उघडणं' आणि 'विझवणं' आहे, म्हणजे परिणाम.

इंग्रजीतल्या 'अप', 'डाऊन'चं स्वतंत्र भाषांतर करू नका. 'सुबिर आर्रिबा' (वर चढणं), 'सालिर आफुएरा' (बाहेर निघणं) असं बोलण्यात ऐकू येतं, पण लिखाणात ती द्विरुक्ती ठरते.

दूर करण्याच्या क्रियापदांत मराठीची मदत निम्मीच होते, कारण आपलं 'काढणं' सगळीकडे चालतं. इथे स्वतःला विचारायचं: वस्तू कुठून निघते आहे? आतून असेल तर 'साकार': दाढ, पिशवीतलं सामान, बँकेतले पैसे, घरातला कचरा. (फोटोही 'साकार', अगदी आपल्यासारखा.) अंगावरून, पृष्ठभागावरून किंवा कुणाच्या ताब्यातून असेल तर 'कितार': डाग, झाकण, धूळ. चिकटलेलं असेल तर 'देस्पेगार', आणि विमानाचं 'टेक ऑफ'ही हेच, जमिनीपासून सुटणं. मुळापासून किंवा जोर लावून असेल तर 'आर्रान्कार': तण उपटणं, वहीचं पान टरकावणं. लिहिलेलं पुसायचं असेल तर 'बोर्रार', रेघ मारून खोडायचं असेल तर 'ताचार'. भिंतीवर टांगलेली तसबीर उतरवायला 'देस्कोल्गार', प्लग काढायला 'देसेन्चुफार'. 'देस-' लागलेली ही क्रियापदं पाठ करण्याजोगी आहेत. 'टेक', 'पुल', 'अन' असलं काहीही दिसलं की आधी 'देस-'चा शब्द आहे का ते पाहावं.

अर्जेंटिना, उरुग्वेकडे 'कितार'च्या बऱ्याच जागा 'साकार' घेतं, तिथे बूटही 'साकार्से'. फेकून देणं स्पेन आणि मेक्सिकोत 'तिरार', कोलंबिया, पेरू, चिलीत बहुधा 'बोतार'. 'पिक अप'साठी 'कोखेर' स्पेनमध्ये रोजचं, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील. तिथल्या वाचकासाठी 'रेकोखेर' किंवा 'आगार्रार' लिहा.

स्वतःच्या अंगावरचं काढताना '-से' ('तू'साठी '-ते') लागतं आणि 'तुझे' गळून पडतं: 'किताते लोस सापातोस', बूट काढ. 'तुस सापातोस' लिहिलंत की इंग्रजी उघडं पडतं. दुसऱ्याकडून काढून घेतलं तर तो माणूस 'ले ... आ'ने येतो: 'ले कितो एल खुगेते आल निन्यो', मुलाकडून खेळणं काढून घेतलं. हा 'आ' आपल्याला मराठी 'ला'सारखा वाटतो, म्हणून हात अडखळतो, आणि मग 'देल निन्यो' लिहिलं जातं. त्याने मुलाचं खेळणं नुसतं बाजूला केल्यासारखं वाटतं. 'ले कोम्प्रे एल कोचे आ ख्वान' तर दोन्हीकडे वाचता येतं: ख्वानकडून गाडी घेतली किंवा ख्वानसाठी घेतली. भाषांतरात संदर्भ पुरेसा नसेल तर दुसऱ्या अर्थासाठी 'पारा ख्वान' लिहा.

मराठीतून विचार करणं जिथे पुरतं फसतं ती जागा म्हणजे येणं आणि जाणं. कुणी हाक मारली की आपण 'आलो!' म्हणतो, इंग्रजीतही 'कमिंग'. स्पॅनिश माणूस म्हणतो 'या बोय', म्हणजे शब्दशः 'जातोच'. बोलणारा जिथे आहे तिथून निघाला, म्हणजे 'इर'. 'बेनिर' फक्त बोलणाऱ्याकडे येण्यासाठी. आणणं-नेणं तसंच. 'तुझ्याकडे केक घेऊन येतो' हे फोनवर सांगताना 'त्राएर' (आणणं) नाही, 'येबार' (नेणं). संवादांच्या भाषांतरात ही चूक सर्वांत जास्त निसटते, कारण व्याकरण बरोबर असतं आणि अर्थही साधारण लागतो. संवादातलं प्रत्येक 'कम' आणि 'ब्रिंग' वेगळं तपासा, बोलणारा कुठे उभा आहे ते पाहून.