चित्रातला झेंडा आधी आला कसा?

प्रश्न : नववीला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतानाचं चित्र पुरावा म्हणून दाखवावं का? – एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : दाखवा, पण १७७६चा पुरावा म्हणून नको. नदी ओलांडली २५ डिसेंबर १७७६च्या रात्री. चित्रकार लॉइट्झे यांनी हे चित्र पूर्ण केलं १८५१मध्ये, तेही जर्मनीत. आधी दोन मिनिटं मुलांना नुसतं बघू द्या, मग झेंड्यावर बोट ठेवा. तारे-पट्ट्यांचा झेंडा ठरला जून १७७७मध्ये! शिवाय अंधारात, वादळात पार केलेली नदी इथं पहाटेच्या उजेडात आहे. मोबाइलवर एवढं बारीक दिसत नाही. चौघांत एक ए-थ्री रंगीत प्रिंट द्या. वहीत दोनच रकाने : ‘घटना कधी’, ‘चित्र कधी’. नंतर कॅलेंडरवरच्या शिवराज्याभिषेकालाही हीच कसोटी लावा. तिथं वर्ग जास्त भांडतो.