ऑपरेशननंतर पेशंटचं काय होतं, हे मोजणारा सर्जन

प्रश्न : मुलगी एमएस सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हात चांगला आहे असं तिचे सरही म्हणतात. पण यकृत प्रत्यारोपणातल्या संशोधनाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलंय. ऑपरेशन झालेल्या पेशंटांचं पुढे काय झालं याच्या नोंदी काढत बसते. तिने आता प्रॅक्टिसला लागायला हवं. तुमचं ती ऐकेल, एवढं तिच्या गळी उतरवा. - एक वडील

नमस्कार.

हे काम मी करणार नाही, ते आधीच सांगतो. तुम्ही मुलीच्या कामाला खूळ म्हटलंय, पण ती नेमकं काय शोधतेय याची एक ओळही पत्रात नाही. तुम्ही तिला ते कधी विचारलं नसावं. रात्रीच्या ड्युट्या करून उरलेल्या वेळात ती नोंदी तपासते आणि घरी फोन केला की ‘हे सोड’ एवढंच ऐकते. अशी मुलं सहसा भांडत नाहीत, घरी काही सांगणं बंद करतात. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली.

दुसरं, ‘हात चांगला आहे, मग संशोधन कशाला?’ हा गैरसमज. प्रत्यारोपणात टाके किती सफाईने घातले यावर सगळं ठरत नाही. मिळणारे अवयव कमी आणि वाट पाहणारे जास्त, त्यामुळे कोणाला द्यायचा हा प्रश्न ऑपरेशनइतकाच अवघड. यकृताच्या कर्करोगात एकेकाळी प्रत्यारोपणावरचा विश्वासच उडत चालला होता, कारण रोग परत यायचा. इटलीतल्या मिलानमध्ये व्हिन्सेन्झो माझाफेरो या सर्जनने गाठी मोजून पेशंट निवडले : एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत. १९९६ साली छापलेल्या त्या अभ्यासात पेशंट होते फक्त ४८, आणि चार वर्षं जगण्याचं प्रमाण निघालं ७५ टक्के. हेच ‘मिलान निकष’ आज जगभर वापरतात. अमेरिकेत २००२पासून प्रौढांमध्ये यकृत आधी कोणाला द्यायचं हे प्रामुख्याने यकृताचा आजार किती गंभीर आहे ते सांगणाऱ्या ‘मेल्ड’ या गुणांकावर ठरतं. त्यात मूत्रपिंड किती बिघडलंय ते कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन धरतात, आणि ते स्नायूंतून तयार होतं. बायकांच्या अंगात स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंड तेवढंच बिघडलेलं असूनही त्यांचा आकडा कमी दिसायचा आणि त्या यादीत मागे पडायच्या. हा अन्याय ऑपरेशनच्या टेबलावर कुणालाही दिसला नसता. तो नोंदींतून दिसला, आणि २०२३ साली सूत्र बदललं. तुमची मुलगी ज्यात वेळ घालवतेय ते हे काम आहे.

तिची पुढची वाट तिला माहीत असेलच : नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा, एमसीएच ही सर्जरीतली पुढची पदवी, मग प्रत्यारोपणाची फेलोशिप. कमाई उशिरा सुरू होईल, हा तुमचा मुद्दा खरा आहे, तो तिच्याशी मोकळेपणाने बोला.

तिच्यासाठीही थोडं लिहितो, तिला वाचायला द्या. बढतीसाठी घाईने छापलेल्या पेपरांना संशोधन समजू नकोस. संख्याशास्त्र रीतसर शीक, दुसऱ्याकडून आकडेमोड करून घेऊन भागणार नाही. फॉलोअपला येणं थांबलेले पेशंट जिवंत धरले की निकाल छान दिसतात, आणि ते का थांबले हे कुणी विचारत नाही. प्रतीक्षायादीतच दगावलेले तर प्रत्यारोपणाच्या निकालात येतच नाहीत. त्यामुळे कमी आजारी पेशंट निवडणारं केंद्र कागदावर सरस ठरतं. हे ज्याला खुपतं आणि जो स्वतः अजून ऑपरेशन करतो, असा मार्गदर्शक शोध. मोठ्या संस्थेच्या नावापेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देईन.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्यात मार्क नकोत, कॉलेजचं नाव नको. कोणत्या पेशंटांचा कुठला प्रश्न तिला सोडवायचा आहे आणि थिएटरमध्ये तासन्‌तास उभं राहणं तिला मनापासून आवडतं का, एवढं लिहावं. आवडत नसेल, तर प्रत्यारोपणाच्या सर्जरीऐवजी साथरोगशास्त्र आणि जीवसंख्याशास्त्र या वाटेबद्दल आम्ही दोघं बोलू. तिथेही याच नोंदींवर पूर्ण वेळ काम करणारी माणसं लागतात.